खिशांतला चाकू आणि त्याची किंमत

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एका चाकूवरून थोडेसें महाभारत झालें. त्यांतूनच आजच्या भाषणाचा विषय निघाला आहे. माझा भाचा अमेरिकेंत नोकरीला आहे. चार वर्षांनीं तो घरीं आला, आणि वसुबारसेच्या दिवशीं सकाळीं, चहाच्या वेळीं, त्यानें खिशांतून एक घडीचा चाकू काढून मेजावर ठेवला. राखी रंगाची धातूची मूठ, सवातीन इंचांचें पातें, नक्षीकाम मुळींच नाहीं. माझ्या ताईनें, म्हणजे त्याच्या आईनें, तो उचलून पाहिला आणि सहज विचारलें, "केवढ्याला रे हा?" त्यानें आंकडा डॉलरांत सांगितला, आणि तोहि जरा घाईनें सांगितला. परंतु ताईनें पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें आहे. "म्हणजे चाळीस हजार रुपये," ती म्हणाली, आणि चाकू होता तेथें परत ठेवून स्वयंपाकघरांत निघून गेली.

दुपारपर्यंत घरांत कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज फेडून झाल्यावर मुलानें स्वतःकरितां घेतलेली ही पहिलीच वस्तु होती, आणि ती आईला दाखवावी म्हणून तो एवढ्या लांबून घेऊन आला होता. इकडे ताईच्या डोळ्यांपुढें ते दिवस होते, ज्या दिवसांत जुन्या वह्यांचीं कोरीं पानें काढून तिनें त्याच्यासाठीं पुढच्या वर्षाची वही शिवली होती. शेवटीं दोघांनींहि आपापल्या परीनें मला पंच नेमलें. ताई म्हणाली, "तूं समजावून सांग त्याला, तुझें तो ऐकतो." भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर टूलरूममध्यें काम केलेंत. तुम्हीच सांगा, मी फसलों का?"

पंचानें निकालापूर्वीं पुरावा पाहावा, म्हणून मीं पाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली. पुराव्याचीं साधनें घरांतच होतीं. आजोबांचा शेफील्डचा जुना चाकू माझ्या खणांत आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं घेतलेला लाल मुठीचा स्विस चाकू आहे. आणि मुलीनें फ्रान्समधून आणलेला, लाकडी मुठीचा ओपिनेल आहे. भाच्याचा चाकू कोणत्या कारखान्याचा तें मी सांगत नाहीं. तें सांगण्याचें कारणहि नाहीं. त्या जातीच्या चाकूंचा जो मूळपुरुष मानतात, त्याची हकीकत पुढें येईलच.

प्रथम एक अडचण दूर केली पाहिजे. आपल्याकडे 'चाकू' हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांसमोर फळें-भाजी येत नाहीं, रामपुरी येतो. उत्तर प्रदेशांतील रामपूरच्या कारागिरांचें हें दुर्दैव, कीं त्यांच्या कसबाला प्रसिद्धि मिळाली ती हिंदी चित्रपटांतील खलनायकांच्या हातून. खिशांत चाकू बाळगणारा मनुष्य म्हणजे गुंड, अशी आमच्या शेजाऱ्यांचीहि समजूत आहे. इतरत्र तसें नव्हतें. फ्रान्समधील साव्होयच्या डोंगरांतला शेतकरी दुपारचा पाव आणि चीज आपल्या खिशांतल्या चाकूनेंच कापून खाई. जपानांत मिकी या गांवीं होणारा 'हिगोनोकामी' नांवाचा साधा घडीचा चाकू एके काळीं शाळकरी मुलें पेन्सिलींना टोक करण्यासाठीं जवळ बाळगीत. आपल्या घरांत कापण्याचें काम विळीनें उचललें. विळीचें पातें स्थिर आणि भाजी हलती. त्यामुळें दोन्ही हात मोकळे राहतात. पण विळी कोणी खिशांत घालून हिंडत नाहीं! खिशांतल्या चाकूची संवय आपल्याकडे खरी होती ती लिहिणारांना. बोरू तासावा, त्याच्या टोंकाला तिरपा छेद द्यावा, तो बोथटला कीं पुन्हां तासावा, हें कारकुनाचें नित्यकर्म होतें. इंग्रजींतहि लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, तें पिसाची लेखणी तासण्यावरूनच.

आमचे आजोबा मामलेदार कचेरींत कारकून होते. त्यांचा चाकू जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कारखान्याचा. पात्याच्या बुडाशीं तारा आणि माल्टी क्रूस यांची मुद्रा अजून दिसते. या मुद्रेची शेफील्डमधील नोंद १६८२ सालची सांगतात. शेफील्डचें नांव तर त्याहूनहि जुनें आहे. चौदाव्या शतकांत चॉसर कवीनें आपल्या एका कथेंतील गिरणीवाल्याच्या पायमोज्यांत शेफील्डचाच चाकू खोंवलेला दाखविला आहे. आजोबांच्या चाकूचें पातें धार लावून लावून मूळच्या रुंदीच्या निम्म्यावर आलें आहे, परंतु तें अजून उघडतांना आणि मिटतांना टक् असा स्वच्छ आवाज करतें. त्यांनीं तो कितीला घेतला हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. कारकुनाला परवडला, म्हणजे फार नसावा. मात्र त्या काळचे चाकू स्वस्त कां होते, हेंहि विसरतां कामा नये. शेफील्डमध्यें पातीं घासणारे कामगार फिरत्या दगडावर वांकून दिवसभर दगडाची आणि पोलादाची धूळ छातींत घेत. सुकी घासाई करणारांपैकीं कित्येक जण पस्तिशी-चाळिशीच्या आंत छातीच्या विकारानें मरत. खरेदीदाराला न पडलेली ती किंमत दुसऱ्याच कोणीं तरी भरलेली होती.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. चाकूचें काम कापणें. तेव्हां महाग चाकू अधिक चांगला कापतो काय, हा पहिला प्रश्न. धनत्रयोदशीला आम्हीं आकाशकंदील बांधावयास घेतला. (तो वसुबारसेपूर्वीं तयार पाहिजे, पण आमच्या घरीं त्याला दरवर्षीं उशीर होतो.) बांबूच्या कामट्या काढणें, जाड पुठ्ठा कापणें, सुतळी तोडणें, आणि मध्यें भूक लागली कीं पेरूच्या फोडी करणें, अशीं चारहि प्रकारचीं कामें त्यांत येतात. भाच्यानें चाकू खिशांतून काढला खरा, पण बांबूवर चालवीना. आठ महिन्यांत त्यानें त्या चाकूनें पाकिटें फोडण्यापलीकडे कांहीं केलें नव्हतें; मुठीवर ओरखडा उठेल ही भीति. ताईनें हें पाहिलें. बोलली मात्र कांहीं नाहीं.

अखेर मींच तो मागून घेतला. पेरूवर चारी चाकू चालवून पाहिले आणि निकाल तेथेंच स्पष्ट झाला. सर्वांत सुरेख फोड झाली ती आजोबांच्या झिजलेल्या पात्यानें, आणि तिच्या खालोखाल ओपिनेलनें. यांत जादू नाहीं. ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू घेतला तर त्याचें पातें पाठीशीं पावणेदोन मिलिमीटरांच्याहि आंत असतें. महाग जातीच्या चाकूंचीं पातीं पुष्कळदां तीन मिलिमीटरांहून जाड असतात. धार दोघांचीहि सारखीच तीक्ष्ण असली, तरी धारेच्या मागून जें पोलाद येतें त्यालाहि पेरूंतून वाट काढावी लागते. जाड पातें थोडें आंत गेलें कीं त्याची पाचर होते, आणि पेरू कापला जाण्याऐवजीं फुटतो. बांबूवर नेमकें उलट झालें. तेथें फोडणेंच हवें असतें. म्हणून जाड पातें कामटीमागून कामटी सरळ काढीत गेलें. सारांश, कापणें हें बहुतांशीं पात्याच्या आकारावर अवलंबून आहे, आणि पातळपणाला कारखानदार जादा पैसे घेत नाहीं.

यावर भाचा म्हणाला, "पण मामा, पोलाद?" हा त्याचा मुद्दा बिनतोड होता, आणि तो थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे.

लोखंडांत कर्ब मिसळला कीं पोलाद होतें. तें तापवून एकदम थंड केलें, म्हणजे आपल्या लोहाराच्या भाषेंत त्याला पाणी दिलें, कीं कठीण होतें. आणि पुन्हां हलकें तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. आजोबांच्या पात्याचें पोलाद हें असें साधें कर्बाचें. तें गंजतें; लिंबू कापून तसेंच ठेवलें तर काळें पडतें. १९१३ सालीं शेफील्डमध्येंच हॅरी ब्रेअर्ली यानें क्रोमियम घातलेलें, न गंजणारें पोलाद सिद्ध केलें, आणि पुढें स्विस चाकूंचीं पातीं तसल्या पोलादाचीं होऊं लागलीं. कठीणपणा रॉकवेलच्या मापानें मोजतात: स्विस पातें ५६ च्या आसपास, आणि आजचे महाग चाकू ६० च्या आसपास. फरक लहान वाटतो, पण खरी गंमत या आंकड्यांत नाहीं. धार टिकते ती पोलादांत विखुरलेल्या कार्बाइडांच्या अतिकठीण कणांमुळें. हे कण फार झाले कीं नेहमींच्या ओतीव पोलादांत त्यांच्या गुठळ्या होतात आणि धारेचे टवके उडतात. यावर १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील क्रूसिबल कंपनीनें उपाय आणला. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर वायूचा झोत मारून त्याची बारीक भुकटी करावयाची, आणि ती भुकटी प्रचंड दाबाखालीं व उष्णतेंत दाबून पुन्हां एकजीव करावयाची. प्रत्येक कण स्वतंत्रपणें, क्षणांत थिजलेला असल्यामुळें गुठळी होण्यास अवसरच मिळत नाहीं. रव्याच्या लाडवांत साखर नीट मिसळावी म्हणून आपण ती दळून घेतों, तसाच हा प्रकार. याच पद्धतीनें २००१ सालीं खास चाकूंकरितां 'एस ३० व्ही' हें व्हॅनेडियमयुक्त पोलाद निघालें, आणि २०२१ सालीं लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानें रचलेलें 'मॅग्नाकट' आलें. तें गंजासहि पुरून उरतें आणि टवकेहि सहज देत नाहीं.

हें पोलाद महाग आहे; तें घासावयास अधिक वेळ लागतो; घासणारे पट्टे तें लवकर झिजवितें. तेव्हां किमतीचा कांहीं भाग येथें न्यायानें खर्च झाला आहे. धार किती टिकते हें मोजण्याचें यंत्रहि शेफील्डच्या एका संशोधनसंस्थेनें केलेलें आहे. वाळूचा अंश मिसळलेल्या कागदाच्या पट्ट्यांची चळत पात्याच्या धारेवर ठराविक दाबानें दाबून धरतात, पातें मागें-पुढें हलवितात, आणि किती जाडीचा कागद कापला गेला तें मोजतात. या परीक्षेंत भुकटीचें पोलाद साध्या पोलादाच्या पुष्कळ पुढें जातें, यांत शंका नाहीं. परंतु याच परीक्षेंत असेंहि दिसतें कीं, धारेचा कोन थोडा अरुंद केला तर साधें पोलादहि बरीच मजल मारतें. शिवाय ज्या गुणानें धार टिकते, तोच गुण ती परत लावतांना आडवा येतो. व्हॅनेडियमचें कार्बाइड हें कुरुंदाहूनहि कठीण. आपला नेहमींचा कुरुंदाचा निसणा त्या कणांवर नुसता घसरतो. हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. आमच्या आळींत सायकलवर धारवाला येतो. ताईनें सुचविलें कीं, "तुझ्या त्या चाळीस हजारांना त्याच्याकडून धार लावून घे, दहा-वीस रुपयांत होईल." मीं तें करूं दिलें नाहीं. धारवाल्याचा दोष नाहीं. विळीला तो उत्तम धार लावतो. परंतु फिरत्या सुक्या चाकावर पातळ धार क्षणांत तापते आणि ती निळी-तपकिरी झाली कीं तिचें पाणी उतरलें म्हणून समजावें. मग पोलाद भुकटीचें असो कीं जत्रेंतलें असो.

एवढें ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. कापण्यांत पेरूनें त्याला हरविलें, पोलादांत निम्मा डाव माझ्याकडे आला. मग मीं त्याच्याकडून चाकू खोलण्याची बारीक किल्ली मागून घेतली, आणि जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरून चाकूचे सारे भाग सुटे केले. श्रोतेहो, तीस वर्षें ज्यानें मायक्रॉन मोजण्यांत घालविलीं त्याला तो अर्धा तास फार सुखाचा गेला हें कबूल करतों.

घडीच्या चाकूचा खरा मर्मभाग म्हणजे त्याचा सांधा. साध्या चाकूंत पातें एका खिळ्याभोंवतीं किंवा स्क्रूभोंवतीं फिरतें. स्क्रू आंवळला कीं पातें जड होतें. सैल केला कीं लडबडतें. मधली जागा शोधून काढावी, तर ती चार दिवसांत पुन्हां सरकते. दक्षिण आफ्रिकेंतील दरबान शहरचा ख्रिस रीव्ह नांवाचा एक कारागीर होता. मूळचा तो साचे आणि हत्यारें बनविणारा, म्हणजे आमच्याच जातीचा. १९८९ सालीं तो अमेरिकेंत आयडाहो संस्थानांतील बॉइसी येथें गेला, आणि १९९० च्या सुमारास त्यानें 'सेबेंझा' नांवाचा चाकू बाजारांत आणला. झुलू भाषेंत या शब्दाचा अर्थ 'काम'. महाग घडीच्या चाकूंचा मूळपुरुष मीं म्हटला तो हाच. त्यानें सांध्याच्या स्क्रूभोंवतीं एक पोलादी नळी, ज्याला कारखान्यांत बुश म्हणतात, ती बसविली, आणि पात्याच्या दोहों बाजूंस फॉस्फर ब्राँझच्या पातळ चकत्या घातल्या. बुशची लांबी ही पात्याची जाडी अधिक दोन चकत्यांची जाडी यांच्याशीं तंतोतंत जुळणारी. किंचित् काय ती मोकळीक. आतां स्क्रू पार आंवळला तरी तो बुशला घट्ट धरतो आणि पातें मोकळेंच राहतें. सैल-घट्ट करण्याचा प्रश्नच उरला नाहीं. ऐकावयास हें अगदीं सोपें आहे. परंतु यासाठीं पातें, दोन चकत्या आणि बुश हे चारहि भाग, प्रत्येक चाकूंत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आंत एकमेकांशीं जुळले पाहिजेत. माणसाचा केस याच्या सात-आठपट जाड असतो.

दुसरी गोष्ट खटक्याची. मुठीच्या आंतील एक पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागें अडते, अशी योजना मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानें १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत प्रचारांत आणली. रीव्ह यानें वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीलाच चीर पाडून तिचाच एक भाग खटका म्हणून वांकविला. चाकू हातांत घट्ट धरला कीं आपलीं बोटेंच तो खटका अधिक पक्का दाबतात. टायटॅनियम हें पोलादावर घासून चिकटण्याची खोड असलेली धातु. म्हणून अलीकडच्या नमुन्यांत त्या टोंकाशीं सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवितात. या खटक्याचें महत्त्व मला कोणी पटवून द्यावयास नको. माझ्या उजव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे. सोळाव्या वर्षीं जत्रेंत घेतलेल्या एका चाकूनें नारळ सोलूं गेलों असतां खटका निसटला आणि पातें बोटावर मिटलें. ताईनेंच तेव्हां हळद दाबून फडकें बांधलें होतें.

म्हणून रुमालावर मांडलेले ते भाग मीं तिला बोलावून दाखविले. ती चष्मा लावून पाहत राहिली. चकती पालथी-सुलथी केली. मग म्हणाली, "पण तुझ्या त्या फ्रेंच चाकूलाहि खटका आहेच कीं." ही बाई पंचापेक्षां शहाणी आहे असें मला पुष्कळदां वाटतें. ओपिनेलला खटका नाहीं, कडी आहे. जोसेफ ओपिनेल यानें १८९० च्या सुमारास साव्होयमध्यें हा चाकू सुरू केला, तेव्हां तीहि नव्हती. १९५५ सालीं मार्सेल ओपिनेल यानें सांध्यावर एक फिरती पोलादी कडी बसविली. ती फिरविली कीं पात्याची वाट बंद. पत्र्याच्या त्या कडीनें बोटें तितकींच सुरक्षित राहतात, आणि फ्रान्समध्यें सबंध चाकूची किंमत पंधरा युरोंच्या आसपास, म्हणजे सुमारें दीड हजार रुपये. तिचे दोष नाहींत असें नाहीं. ती फिरविण्यास दोन हात लागतात, आणि फिरविण्याची आठवण ठेवावी लागते. लाकडी मूठ दमट हवेंत फुगते. कोंकणच्या श्रावणांत असला चाकू कधीं कधीं उघडतच नाहीं. साव्होयचे शेतकरी अशा वेळीं मुठीचें बूड मेजावर आपटून पातें बाहेर काढतात.

स्विस चाकूची गोष्ट याहून वेगळी आहे आणि किमतीच्या वादांत ती सांगितलीच पाहिजे. कार्ल एल्सेनर या सुरीकारानें १८८४ सालीं ईबाख या गांवीं आपला कारखाना काढला, आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवूं लागला. लवकरच जर्मनींतील झोलिंगेनच्या कारखान्यानें तेच चाकू स्वस्तांत देऊं केले. एल्सेनर कर्जांत बुडाला. नातलगांनीं हात दिला म्हणून वांचला. तेच चाकू अधिक सुबक करून अधिक किंमत मागण्याच्या भरीस तो पडला नाहीं. त्यानें एक नवीच रचना शोधली. दोनच कमानींवर, पुढून आणि पाठीमागून, मिळून सहा हत्यारें उघडतील असा चाकू त्यानें केला आणि १२ जून १८९७ रोजीं त्याची नोंदणी करून घेतली. माझ्या लाल चाकूचा मिटता सांधा बोटांना फारसा सुरक्षित नाहीं. त्याला खटकाच नाहीं. पण कंदिलाच्या तारा वळविण्यास, खिळा काढण्यास आणि संध्याकाळीं सरबताची बाटली उघडण्यास घरांत सर्वांनीं मागितला तो तोच.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगावी कीं नाहीं याचा मला विचार पडला होता. पण पंचानें लपवाछपवी करूं नये. १९९० सालीं जी अचूकता एका कसबी माणसाच्या कारखान्यांतच सांपडत होती, ती आतां संगणकानें चालणाऱ्या यंत्रांमुळें इतरांनाहि साधूं लागली आहे. चीनमधील यांगज्यांग हें चाकू-सुऱ्यांचें मोठें केंद्र. तेथील चांगले कारखाने टायटॅनियमची मूठ, भुकटीचें पोलाद आणि जवळजवळ तसाच मऊ सांधा असा चाकू निम्म्या-पाव किमतींत करतात. जवळजवळ म्हटलें, कारण शेवटची जी तफावत राहते ती हाताला कळते. मीं ताईला म्हटलें, "तुझ्या वर्गांतल्या मुलाला पस्तिसाचे ऐंशी मार्क करावयास जेवढे श्रम पडतात, त्याहून पंच्याण्णवाचे अठ्ठ्याण्णव करावयास अधिक पडतात कीं नाहीं?" ती म्हणाली, "पडतात. पण ते मूल पुढें काय करणार आहे, तें पाहून मी त्या श्रमांना उत्तेजन देत असें."

पाडव्याच्या संध्याकाळीं निकाल दिला तो असा. मीं भाच्याला सांगितलें, "तूं फसला नाहींस. ज्या गोष्टीचे पैसे दिलेस ती गोष्ट या चाकूंत आहे. मीं ती डोळ्यांनीं पाहिली. पण ती कापण्याची शक्ति नव्हे, आणि बोटांची सुरक्षितताहि नव्हे; त्या दोन्ही गोष्टी दीड हजारांत मिळतात. तूं पैसे दिलेस ते वीस-तीस वर्षें रोज उघडला-मिटला तरी न लडबडणाऱ्या सांध्याचे, आणि हवा तेव्हां तो स्वतः खोलून, पुसून, तेल घालून परत जोडतां येतो या सोयीचे. पाकिटें फोडण्यासाठीं असा सांधा लागत नाहीं. वर्षाला दोन हजार रुपयांप्रमाणें तो वीस वर्षें वापरशील, तर मी त्याला महाग म्हणणार नाहीं. पेटींत ठेवणार असशील, तर आजच विक. अशा चाकूंना दुसऱ्या हाताचें गिऱ्हाईकहि बरें मिळतें."

ताईनें तेवढ्यांत हिशेब केला होता. "चाळीस हजारांत ओपिनेल सव्वीस येतात," ती म्हणाली. "दर नऊ महिन्यांनीं एक हरविला तरी जवळजवळ वीस वर्षें पुरतील. आणि खिशांतला चाकू हरवतो, हें तुम्ही दोघेहि धरीत नाहीं." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. विमानतळावर तपासणींत हातच्या पिशवींतून किती चाकू काढून घेतले जातात तें प्रवास करणारांना ठाऊकच आहे. भाचा हंसला, चार दिवसांत प्रथमच. मग तो उठला, आणि उरलेला बांबू घेऊन अंगणांत जाऊन बसला. दुसरा कंदील आम्हांला नको होता, तरी त्यानें तो बांधला. टायटॅनियमच्या मुठीवर बांबूचा एक लांब ओरखडा उठला आहे.

भाऊबीजेला ताईनें मला ओंवाळलें तेव्हां तबकांत मीं पाकिटाबरोबर ओपिनेलहि ठेवला. पेरू कापतांना तो तिला आवडलेला मीं पाहिला होता. भाचा म्हणाला, "आई, मामाला एक रुपया दे. तिकडे धारेची वस्तु कोणी फुकट घेत नाहींत. नातें कापलें जातें म्हणतात." ताई असल्या समजुती मानीत नाहीं. तरी तिनें कनवटीचा एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला, आणि चाकूची कडी कोणत्या बाजूस फिरवावयाची तें मला पुन्हां एकदां विचारून घेतलें.